वॉरम पर्सी : बेचिराग गावातलं चर्च

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या वोल्ड्स टेकड्यांत, एका दरीत वॉरम पर्सीचं छप्पर उडालेलं सेंट मार्टिन चर्च उभं आहे. शेजारच्या पठारावर गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात. आपल्या महसुली दप्तरात अशा उठलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. वॉरमचे दिवे १५०० च्या सुमाराला विझले. चर्च मात्र १९४९ पर्यंत चालू होतं.

इथे दक्षिणेच्या भिंतीपासून सुरुवात करावी, तीही बाहेरून. भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतात. एके काळी त्या उघड्या होत्या आणि पलीकडे पडवी, म्हणजे मुख्य दालनाला जोडलेला लांबट भाग, होती. दहाव्या शतकाच्या आसपासचं लाकडी देऊळघर, मग छोटं दगडी चर्च, मग त्याहून मोठं, असं बांधकाम वाढत गेलं. वस्ती वाढली तशी बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेची पडवी जोडली, तेराव्यात उत्तरेची. पुढे माणसं घटली तेव्हा पडव्या पाडल्या आणि कमानी चिणून त्यांत खिडक्या बसवल्या. गावाची चढउतार इतकी स्पष्ट सांगणारी भिंत क्वचितच सापडते.

गाव प्लेगनं संपलं, हा समज चुकीचा आहे. १३४८-४९ च्या साथीत माणसं दगावली, पण त्यानंतरही गाव जवळपास दीडशे वर्षं नांदत होतं. ते उठलं मेंढ्यांमुळे. लोकरीला भाव आला आणि जमीनमालकानं उरलीसुरली कुळं काढून शेतं कुरणाला लावली. चर्च टिकलं, कारण ते एकट्या वॉरमचं नव्हतंच. थिक्सेन्डेलसह आसपासच्या वस्त्या त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, होत्या. १८७० मध्ये थिक्सेन्डेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली वर्दळ आटली.

१९४९ नंतरचा ऱ्हास झपाट्यानं झाला. छपरावरचा शिशाचा पत्रा गेला की अशा इमारतीचे दिवस भरतात. मध्ययुगीन भिंतीला आत-बाहेर घडीव दगडांचा थर असतो आणि मधल्या पोकळीत चुन्यात बसवलेली दगडगोट्यांची भर. वरून पाणी शिरलं की चुना धुपतो, थंडीत त्या पाण्याचा बर्फ होऊन फुगतो आणि दर्शनी दगड पोट काढून बाहेर येतात. १९५९ मध्ये बुरुजाचा पश्चिमेकडचा भाग कोसळला. उरलेला अर्धा आजही तसाच उभा आहे. अशा भिंतीचे सांधे सिमेंटनं भरणं घातक असतं, कारण ओल आतच कोंडते आणि सांध्याऐवजी दगडच सोलवटतो. भरण चुन्याचंच हवं, दगडापेक्षा मऊ.

इतिहासकार मॉरिस बेरेस्फर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात, इथे उत्खनन केलं. चर तेवढे न खणता सबंध घराची जागा एकदम उघडायची, ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजली ती मोठ्या प्रमाणात इथूनच. चर्च आणि दफनभूमीतून सुमारे ७०० सांगाडे मिळाले. त्या हाडांवरून कळलं की इथल्या आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत आणि दहा वर्षांचं मूल आजच्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटरनं बुटकं असे.