शिलालेखांची भाषांतरे व मुंबईची एशियाटिक सोसायटी

पश्चिम भारतातील लेण्यांत कोरलेल्या ब्राह्मी लिपीतील लेखांचे पाठ व भाषांतरे प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे स्थान अग्रभागी आहे. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी ‘लिटररी सोसायटी’ म्हणून स्थापलेली ही संस्था पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८४१ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडून फार वर्षे झाली नव्हती, आणि अभ्यासकांची भिस्त हाताने उतरवलेल्या नकलांवर होती. नाशिकच्या लेखांची जॉन स्टीव्हन्सन यांनी केलेली भाषांतरे अशाच नकलांवर आधारलेली असल्याने त्यांत चुका राहिल्या. तरीही पाठ भाषांतरासोबत छापला गेल्यामुळेच त्या पुढच्यांना दुरुस्त करता आल्या. वेस्ट बंधूंच्या अधिक काटेकोर नकला, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे लेख आणि भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन यांनी हे काम भक्कम केले.

पश्चिमी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेख येथे विशेष विचारात घ्यावा लागतो. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (चांदीची नाणी) ठेवले. ‘अपडिदातवा वधिभोजा’, म्हणजे मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे. पैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक दराने वर्षाचे २४० येतात, आणि वर्षावासातील (पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा दिले की हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेल्या १,००० चे व्याज दरमहा शेकडा पाऊण असून ते ‘कुशणमूल’ म्हणून सांगितले आहे. या शब्दाचा अर्थ वादग्रस्त आहे. काही विद्वान तो नाण्याचे नाव मानतात, तर काही भिक्षूंच्या इतर खर्चाची रक्कम समजतात. चीवराच्या रकमेशी जोडीने येणारा हा उल्लेख पाहता दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

याच लेण्यातील लेखांत आलेली ४१, ४२ व ४५ ही वर्षे कोणत्या संवताची, हाही जुना वाद आहे. ती राज्यवर्षे असावीत असे राखालदास बॅनर्जी आदींनी मानले. ती शक संवताची धरल्यास हे लेख इ. स. ११९ ते १२४ च्या सुमाराचे ठरतात, आणि हे मत आज बहुधा ग्राह्य धरले जाते. या चर्चेत १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांच्या साठ्याला मोठे महत्त्व आले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचे वर्णन सोसायटीच्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले.

१८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ आणि पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’ निघाल्यावर लेखप्रकाशनाचा मुख्य भार त्यांच्याकडे गेला. सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांचे लेख मराठी वाचकांसाठी संपादित करण्याचे काम वा. वि. मिराशी यांनी केले.