कार्ड १००० सांगतं, मग वेग ३०० का?

‘ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दाखवतो तोच नेटवर्कचा वेग, आणि तेवढा मिळाला नाही तर ड्रायव्हर खोटारडा’ हा समज फार जुना. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

लिनक्समध्ये इथटूल (कार्डाची माहिती दाखवणारी आज्ञा) ड्रायव्हरकडून घेऊन जो आकडा देतं, तो कार्ड आणि समोरचा स्विच यांच्यात ठरलेला लिंकचा वेग असतो. २०१८ साली आलेला रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा छोटा संगणक घ्या. लिंक १००० मेगाबिट दाखवते, आणि ते खरंच आहे. पण त्याची इथरनेट चिप यूएसबी २.० वर बसवलेली, म्हणून प्रत्यक्षात जेमतेम ३००. रस्ता रुंद, फाटक अरुंद. यात ड्रायव्हरचा काय दोष?

आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या, कार्डांची गंमत वेगळीच. लिनक्सची वेथ जोडी (एकमेकांना जोडलेली दोन आभासी कार्डं) १०,००० सांगते, टन इंटरफेस (व्हीपीएनसाठी वापरतात ते आभासी कार्ड) वर्षानुवर्षं १० सांगत असे. दोन्ही आकडे कोडमध्ये नुसते लिहून ठेवलेले. मोजमाप कुणी केलेलंच नाही.

मग ड्रायव्हर तपासायचा कसा? स्विचच्या पोर्टवर फक्त १०० मेगाबिटची परवानगी ठेवा, लिंक पुन्हा जुळू द्या आणि आकडा बदलतो का पाहा. स्विच १०० म्हणतोय आणि ड्रायव्हर अजूनही १०००, तर मात्र ड्रायव्हर चुकतोय. (ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणं, बंद करू नका, नाहीतर डुप्लेक्सचा, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलायचं की आळीपाळीने याचा, नवाच घोळ.) आयपर्फ (प्रत्यक्ष डेटा पाठवून वेग मोजणारं साधन) ही पुढची, वेगळी चाचणी. तिथे गिगाबिट लिंकवर ९४० च्या आसपास आलं तर तक्रार नको. उरलेलं हेडर (डेटासोबत जाणारी पत्त्यासारखी माहिती) आणि दोन फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या पुडक्यांच्या, मधली मोकळी जागा खाते.