७२ डीपीआयचं भूत

'नेटवर टाकायचाय ना? मग फोटो आधी ७२ डीपीआय कर.' ठाण्यात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधीतरी मिळालाय. मलाही मिळाला, आणि मी तो कित्येक वर्षं इमानेइतबारे पाळला!

परवा मासुंदा तलावाचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. पिक्सेलना हात न लावता फक्त डीपीआयचा आकडा ३०० चा ७२ केला. स्क्रीनवर काडीचा फरक नाही. डीपीआय ही छपाईसाठीची नुसती चिठ्ठी: एका इंचात किती ठिपके बसवायचे. ३०० ला हाच फोटो साधारण १३ इंच रुंद छापला जाईल, ७२ ला ५६ इंच. ब्राउझर ती चिठ्ठी वाचतच नाही.

७२ हा आकडा आला अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमुळे. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते.

मग काहींची फाइल हलकी कशी होते? त्यांचं सॉफ्टवेअर डीपीआयसोबत गुपचूप पिक्सेलही कापतं, ४००० चे ९६० करतं. श्रेय मात्र ७२ ला!

सरळ रुंदी १२०० पिक्सेल करा, उंची आपोआप ९०० होईल. पिक्सेल अकरापट कमी. जेपीईजीची क्वालिटी ८० च्या आसपास ठेवा. आणि हो, 'सेव्ह अ‍ॅज' करा, नाहीतर मूळ फोटो गेलाच.