बुधावरच्या उजळ डागांची पूर्वपीठिका

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांमध्ये भिंतीवरून हात फिरवला, तर बारीक भरडीत रुतलेले कोनेदार तुकडे बोटांना लागतात. संथ वाहून थिजलेल्या लाव्हाचा हा काळा फत्तर नव्हे, तर स्फोटक उद्रेकांचा मलबा आहे. असा स्फोट व्हायचा तर शिलारसात वायू विरघळलेले असावे लागतात. दाब उतरताच ते सोड्याच्या बाटलीतल्यासारखे फसफसतात आणि शिलारसाच्या चिंधड्या उडवतात.

सूर्यालगतच्या उष्णतेत घडलेल्या बुधाच्या पोटात असे वायू उरलेच नसावेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९७४-७५ मध्ये मरिनर १० यान बुधाजवळून तीनदा गेले. परंतु तिन्ही वेळा तीच बाजू उजेडात असल्याने जेमतेम ४५ टक्के पृष्ठभाग टिपला गेला. त्यात दिसलेली सपाट मैदाने लाव्हाची आहेत, असे ठामपणे म्हणायला अनेक जण कचरले. कारण १९७२ मध्ये अपोलो १६ चे अंतराळवीर चंद्रावर ज्वालामुखीचे खडक शोधायला उतरले, तेव्हा हाती आला तो उल्काघातांनी फेकलेला चुरा. हा सावधपणा रास्तच होता.

कोंडी फुटली ती जानेवारी २००८ मध्ये. मेसेंजर यानाला कॅलोरिस या उल्काघाताने बनलेल्या विशाल खोऱ्याच्या नैर्ऋत्य कडेशी काजूगरासारखा वाकडा खळगा दिसला. उल्काविवराची असते तशी उंचावलेली कड त्याला नव्हती आणि भोवती हळूहळू विरत जाणारे उजळ, तांबूस वलय होते, म्हणजे स्फोटक उद्रेकाने चौफेर उडवलेल्या राखेचा थर. (चंद्रावर असे थर बहुधा आजूबाजूपेक्षा काळपट दिसतात, बुधावर नेमके उलट.) पुढे असे कितीतरी डाग सापडले. रखमानिनॉफ विवराच्या ईशान्येचा सर्वांत मोठा डाग २५० किमीहून रुंद आहे, म्हणजे मधल्या तोंडापासून कडेपर्यंत सव्वाशे किमी; मुंबईत उडालेली राख थेट पुण्यात पडावी, तसे. हवा नाही आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, हे धरले तरी इतक्या लांब पोहोचण्यासाठी कणांना सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेग लागतो आणि तो वायूंवाचून मिळत नाही.

२०११ पासून कक्षेत राहून यानाने पृष्ठभागावर वजनाने ४ टक्क्यांपर्यंत गंधक नोंदवले. विशेष म्हणजे या मोठ्या डागात ते आसपासच्या जमिनीपेक्षा कमी आढळले. ते उद्रेकातच वायुरूपाने निघून गेले असावे.

२०१८ मध्ये या डागांना निरनिराळ्या भाषांतील ‘साप’ या अर्थाचे शब्द नावे म्हणून मिळाले. सर्वांत मोठा ‘नॅथैर’ आयरिश आहे, तर ‘पाम्पू’ तमिळ.