बंदिस्त गांजा लागवडीतली लाल कोळी

लाल कोळी, म्हणजेच दोन ठिपक्यांची कोळी, शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिसी, ही बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेल्या गांजाच्या झाडांवरची सगळ्यात चिवट कीड. कॅनडात आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो, ओरेगॉन, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ही लागवड कायद्याने चालते, आणि तिथल्या ग्रो रूमवाल्यांची (म्हणजे अशा बंद खोल्यांत पीक घेणाऱ्यांची) कधी ना कधी हिच्याशी गाठ पडतेच. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं एक झाड लावणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे मराठी शेतकरी हिला ओळखतो ते वांगी-भेंडीमुळे, नाहीतर मावळातल्या पॉलिहाऊसमधल्या गुलाब आणि जरबेरामुळे. कीड तीच, खोडी त्याच. फरक एवढाच की गांजाचं फूल धुतलं जात नाही, सोललं जात नाही, ते सुकवून पेटवतात आणि धूर थेट फुफ्फुसात ओढतात, आणि या एका गोष्टीमुळे गुलाबावर चालणारे निम्मे उपाय इथे बाद होतात.

कीड आणि तिचा वेग

मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. रंग फिकट हिरवट-पिवळा, अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळसर ठिपका, आणि हे ठिपके म्हणजे तिच्या पोटातलं अन्नच, पारदर्शक अंगातून दिसणारं. पाय आठ, म्हणजे हा कीटक नाहीच, कोळी आणि गोचिडांच्या कुळातला जीव, म्हणून मावा-तुडतुड्यांवरची बरीच औषधं हिच्यावर फुकट जातात. सुईसारखं तोंड पानाच्या पेशीत खुपसून आतलं हिरवं सगळं ओढून घेते, मिनिटाला साधारण १८-२० पेशी, आणि रिकाम्या झालेल्या पेशी म्हणजे पानावर वरून दिसणारे ते बारीक पांढुरके टिपके.

खरी भीती तिच्या वेगाची आहे. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, तीनदा कात टाकताना मधे आठ पायांच्या दोन अवस्था येतात, मग प्रौढ. ३० अंश तापमानात हे सगळं आठवडा-दहा दिवसांत उरकतं, २० अंशाला साधारण दुप्पट वेळ लागतो. एक मादी आयुष्यात शंभरेक अंडी घालते. नराशी मीलन झालं नाही तरी ती अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात, आणि त्यातल्याच एखाद्या नराशी मीलन करून ती पुढे माद्याही जन्माला घालू शकते, म्हणजे कपड्याला चिकटून आत आलेली एकच मादी पुरते. शिवाय नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे औषध पचवण्याचा गुण आला की तो झाकलेला राहत नाही, लगेच उघडा पडतो आणि फवारणीतून वाचलेल्यांमार्फत पुढच्या पिढ्यांत पसरतो. २०११ मध्ये हिचा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण आराखडा, प्रसिद्ध झाला, डीएनएच्या सुमारे ९ कोटी अक्षरांचा, किडे-कोळ्यांमध्ये अगदी छोटा, पण त्यात विष निकामी करणाऱ्या जनुकांची रेलचेल सापडली. ११०० पेक्षा जास्त वनस्पती खाणारा जीव, प्रत्येक झाडाचं वेगळं विष पचवायची सवय, त्याला आपल्या बाटलीचं काय वाटणार.

आता यात ग्रो रूम बघा. पाऊस नाही, वारा नाही, नैसर्गिक शत्रू नाहीत, तापमान पंचविशीच्या पुढे-मागे कायम. फुलोऱ्यात तर घट्ट कळ्यांमध्ये बुरशी लागू नये म्हणून हवेतली आर्द्रता मुद्दाम ४०-५० टक्क्यांवर उतरवतात, आणि कोरडी गरम हवा म्हणजे लाल कोळीला हवं तेच! बुरशी टाळावी तर कोळी वाढते, कोळी दाबायला दमटपणा वाढवावा तर बुरशी येते, आणि माझ्या मते या पिकातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, बाकी सगळं तिच्या नंतर.

ओळखायची कशी

पानाच्या पाठीवर. वरून टिपके दिसायला लागले तोवर खाली दोन-तीन पिढ्या नांदत असतात, म्हणून झाड छान हिरवंगार असतानाच दर आठवड्याला खालची आणि मधली पानं उलटी करून दहा पटीच्या भिंगातून शिरेच्या कडेने बघायचं. दिव्याखालचा गरम कोपरा, हीटरजवळची कुंडी, दाराजवळची रांग, सुरुवात बहुतेक अशा ठिकाणी होते. भिंगात काचेच्या मण्यासारखी गोल अंडी, पांढरी पडलेली कात आणि सावकाश हलणारे ठिपकेवाले जीव असं एकत्र दिसलं की शंका नको. भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटकायचं आणि मिनिटभर थांबायचं, धूळ हलत नाही, हे हलतात.

जाळी ही उशिराची खूण आहे. गर्दी झाली, खायला कमी पडलं की कोळी शेंड्याकडे सरकतात, तिथे कळ्यांवर जाळी विणतात आणि त्या धाग्यांवर लोंबकळत पंख्याच्या वाऱ्याने पुढच्या झाडावर जातात, म्हणजे जाळी दिसली तेव्हा पसरणं सुरू झालेलं असतं. पानं वाकडी, चुरगळलेली, चकचकीत झाली असतील आणि जाळी अजिबात नसेल तर तो वेगळा माईट (अशाच बारीक कोळ्यांपैकी एक) असतो, इतका बारीक की साध्या डोळ्यांना दिसतच नाही, त्याचे उपायही वेगळे, त्यामुळे बघितल्याशिवाय काही फवारू नये.

फवारणीचा इतिहास

अबामेक्टिन हे लाल कोळीवरचं नावाजलेलं औषध. ते जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळतं, तो जिवाणू शोधणारे सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, आणि त्याच जिवाणूमुळे माणसांच्या आजारांवरचं आयव्हरमेक्टिनही आलं. गुलाबावर ते वर्षानुवर्षं मारलं जातं. पण त्याच २०१५ मध्ये कोलोरॅडोत गांजात कीडनाशकांचे अंश सापडल्याने मोठा गोंधळ उडाला, डेन्व्हर शहराने हजारो झाडं रोखून धरली, आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी असा माल सार्वजनिक सुरक्षेला धोका आहे म्हणून बाजूला काढून नष्ट करायचा आदेश काढला. मूळ दुखणं कायद्याचं होतं. अमेरिकेत कीडनाशकाचं लेबल केंद्र सरकार मंजूर करतं, राज्यांत चालत असला तरी केंद्राच्या लेखी गांजा बेकायदा, त्यामुळे तेव्हा कुठल्याच लेबलवर गांजाचं नाव नव्हतं आणि हे औषध जळून धुरातून आत गेलं तर काय होतं याची कुणी रीतसर तपासणीच केलेली नव्हती. सफरचंदावर किती अंश चालतो यावरून धुराचं गणित मांडता येत नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत ओरेगॉनच्या शेती खात्याने एका माईट स्प्रेची विक्री थांबवली, लेबलवर दालचिनीचं तेल आणि सायट्रिक अ‍ॅसिड, जाहिरात शंभर टक्के नैसर्गिक, आणि प्रयोगशाळेत निघालं अबामेक्टिन. ज्यांनी विश्वासाने ते वापरलं त्यांचा माल चाचणीत अडकला, आणि ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसात काय गेलं ते वेगळंच. म्हणून "नैसर्गिक" एवढ्या एका शब्दावर जाऊ नये, नोंदणी आणि घटक वाचावेत. कॅनडाने जानेवारी २०१९ पासून परवानाधारक उत्पादकांना कीडनाशकांच्या अंशांची चाचणी सक्तीची केली, आणि परवानगी असलेल्यांच्या यादीत मुख्यतः साबण, तेलं आणि जैविक उत्पादनं आहेत.

साबण आणि तेल अंगावर पडलं तरच मारतं, नंतर काही उरत नाही. पानाची पाठ भिजली नाही तर फवारणी झालीच नाही असं धरावं. अंडी बरीचशी वाचतात, म्हणून तीन-पाच दिवसांनी परत, आणि परत. दिवे बंद झाल्यावर मारायचं, नाहीतर पानं भाजतात. तेल आणि गंधक दोन आठवड्यांच्या आत एकापाठोपाठ वापरलं तरी पानं करपतात. आणि हे सगळं झाड वाढीत असताना, १८ तास उजेड चालू आहे तोवर. फुलोरा धरला की फुलावर काहीही मारू नये, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही.

मित्रकोळी

कोळी खाणारे कोळी, हा यातला सगळ्यात भरवशाचा मार्ग. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर फायटोसियुलस पर्सिमिलिस नावाचा लालसर, लांब पायांचा, चपळ परभक्षी कोळी चुकून येऊन पोहोचला, आणि तो लाल कोळीशिवाय जवळपास काही खात नाही हे लक्षात आलं. नेदरलँड्समध्ये काकडी पिकवणारे यान कोपर्ट यांना रासायनिक औषधांचा त्रास व्हायचा, त्यांनी १९६७ च्या सुमारास आपल्या काचघरात हा कोळी वापरला आणि त्यातूनच आज जगभर मित्रकीटक विकणारी कंपनी उभी राहिली. हा दिवसाला पाच प्रौढ किंवा वीसेक अंडी-पिल्लं फस्त करतो आणि अनुकूल हवेत लाल कोळीपेक्षाही भराभर वाढतो. त्याची अंडी लंबगोल, थोडी गुलाबीसर आणि लाल कोळीच्या अंड्यांच्या जवळपास दुप्पट, भिंगात दिसली तर पान तोडू नका, मदत आलेली आहे.

अडचण परत आर्द्रतेचीच. पर्सिमिलिसला ६० टक्क्यांच्या वर दमट हवा लागते, ३० अंशांच्या पुढे तो ढेपाळतो, आणि भक्ष्य संपलं की तोही संपतो. निओसियुलस कॅलिफोर्निकस हा दुसरा, सावकाश खाणारा पण उष्ण-कोरड्यात टिकणारा, परागकणांवरही दिवस काढणारा, म्हणून जाणकार लोक कीड दिसायच्या आधीच याच्या पुड्या झाडांना अडकवून ठेवतात आणि प्रादुर्भाव दिसला की त्या जागी पर्सिमिलिस सोडतात. भारतात निओसियुलस लाँगिस्पिनोसस हा असाच आपला कोळी आहे, आणि पिकावर दणादण पायरेथ्रॉइड गटातली कीडनाशकं मारली की आधी तो मरतो, मग लाल कोळी दुपटीने उसळते, हे पॉलिहाऊसवाल्यांना अनुभवाने माहीत आहे.

गांजात मित्रकोळी वेळेवर सोडावे लागतात. फुलं भरली की त्यांच्यावर चिकट राळेच्या ग्रंथी येतात आणि परभक्षी कोळ्यांना त्यावरून फिरणं जड जातं, अडकतात. फुलोरा धरावा म्हणून उजेड १८ वरून १२ तासांवर आणतात, त्याच्या आधीच झाडं साफ झालेली पाहिजेत, त्यानंतर हातात फार काही उरत नाही.

आत येते कशी, आणि खोली रिकामी करताना

बहुतेक वेळा विकत किंवा कुणाकडून घेतलेल्या क्लोनवरून, म्हणजे दुसऱ्या झाडाची फांदी कापून केलेल्या रोपावरून. नवीन कटिंग आलं की दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, रोज भिंगाखाली, आणि काम करताना आधी स्वच्छ खोली, शेवटी संशयाची. बागेतून आलेल्या कपड्यांनी आत जाऊ नये. कॅनडातल्या बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं चालतात (क्युबेकमध्ये तीही नाहीत), आणि चार झाडांसाठी हे जमण्यासारखं आहे, घरातल्या बाकीच्या कुंड्याही तपासायच्या एवढंच.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कळ्यांवर जाळी आली तर बाधित शेंडे पिशवीत घालून काढून टाकावेत, झाड गच्च भरलं असेल तर पूर्ण उपटावं, जाळी आणि विष्ठेसकट सुकवलेलं फूल ओढायच्या लायकीचं नसतं. नंतर पानाचा तुकडाही न ठेवता खोली रिकामी करायची, भिंती, पंखे, नळ्या, दोऱ्या साबणाच्या पाण्याने पुसायच्या. दिवस लहान आणि हवा थंड झाली की माद्या नारिंगी-लाल होतात, खाणं-अंडी घालणं थांबवून भेगांत लपून महिनोन्‌महिने काढतात, म्हणून साफसफाईनंतर थंडगार रिकामी खोली ठेवण्यापेक्षा ती काही दिवस गरम आणि उजेडात ठेवलेली बरी, झोपलेल्या माद्या जाग्या होतात आणि झाड नसलेल्या खोलीत उपाशी मरतात.