हवा बाष्प ‘धरून’ ठेवते का?

जलचक्राची आकृती डोळे मिटून काढता आली, तरी त्या धड्यातला एक शब्द नीट कळलेला नसतो: हवेची ‘बाष्पधारण क्षमता’, म्हणजे हवा जास्तीत जास्त किती बाष्प धरू शकते. गरम हवेत ती जास्त असते, हा धड्यातला नियम. हा शब्द म्हणजे अठराव्या शतकातल्या एका वादाची मागे उरलेली खूण आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पाऊस नसतानाही नद्या वाहतात, ते पाणी येते कुठून? युरोपात रूढ असलेले एक उत्तर असे, की समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढते आणि मीठ वाटेत गाळले जाते. नद्यांना पुरेल इतका पाऊस पडतच नाही, हेही गृहीत धरलेले. मोजून पाहिले कुणी नव्हते. १६७४ मध्ये फ्रान्समधल्या सीन नदीच्या उगमाकडच्या भागाचा हिशेब प्रसिद्ध झाला. नदी वर्षभरात वाहून नेते त्याच्या सुमारे सहापट पाऊस तिथे पडत होता! मग १६८७ मध्ये इंग्लंडमधला एक प्रयोग छापून आला. खारट पाण्याचे भांडे तराजूला टांगून कडक उन्हाळ्यातल्या हवेइतके गरम ठेवले. वाफ जेमतेम दिसत होती, पण दोन तासांत पाण्याचे वजन घटले होते. समुद्रावरून वर जाणारा बाण अशा वजनकाट्यावर सिद्ध झाला.

पण पाणी वर जाते म्हणजे नेमके काय होते? इथे गाडी अडली. अठराव्या शतकाच्या मध्यावर एक मत जोरात होते: मीठ पाण्यात विरघळते तसे पाणी हवेत विरघळते. पुरावाही वरवर पाहता भक्कम होता. दमट हवा बंद काचपात्रात ठेवून थंड केली की आतून दव धरते, पुन्हा ऊब दिली की ते नाहीसे होते. गरम पाण्यात जास्त मीठ विरघळते आणि ते निवल्यावर खडे तळाशी बसतात, तसेच हे दिसते. ‘संपृक्त हवा’ हा शब्दप्रयोग याच कल्पनेशी जुळणारा आहे.

हरकत मात्र सोपी होती. पाण्याची वाफ निर्वातातही होते, उलट तिथे ती लवकर होते. विरघळवायला हवाच नाही, तर विरघळले कशात? १८०१ च्या सुमारास मोजमापांनी वाद निकालात काढला. पाऱ्याच्या नळीत वरच्या रिकाम्या जागेत पाण्याचा थेंब सोडला की वाफेच्या दाबाने पारा थोडा खाली उतरतो. किती उतरेल, हे तापमान ठरवते. आणि तिथे हवा असली काय, नसली काय, वाफेचा दाब तेवढाच भरतो.

म्हणजे धरून ठेवणारे कुणी नाहीच. पाण्याचे रेणू पृष्ठभाग सोडून जातात, काही परत येतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की बाष्प वाढायचे थांबते. तापमान वाढले की सुटणारे रेणू वाढतात, म्हणून ही बरोबरी जास्त बाष्पावर होते: १० अंश सेल्सिअसला घनमीटरमागे सुमारे ९.४ ग्रॅम, ३० अंशांना सुमारे ३०.४ ग्रॅम. आकडे धड्यातल्या नियमाशी जुळतात, म्हणूनच जुना शब्द टिकला असावा. माझ्या मते तो वापरायला हरकत नाही, पण ‘हवेत जागा असते म्हणून’ असे कारण लिहिले तर ते चूक आहे. (‘बाष्प हवेत मावते’ म्हणणे हीही तीच चूक.)

अलीकडे हा शब्द पुन्हा जोरात आहे. तापमान १ अंशाने वाढले की बाष्पाची कमाल मर्यादा सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि अतिवृष्टीच्या बातम्यांत ‘गरम हवा जास्त बाष्प धरून ठेवते’ हे वाक्य ठरलेले असते. जलचक्राची आकृतीही बदलते आहे. तिच्यात बहुधा माणूसच नसायचा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने काढलेल्या नव्या आकृतीत शेती, शहरे आणि भूजलाचा उपसाही दाखवला आहे.