टॅपेट समायोजन (एटीव्हीमधील)

टॅपेट समायोजन : चार-धावी (फोर-स्ट्रोक) एंजिनात झडप (व्हॉल्व्ह) पूर्ण मिटलेली असताना तिच्या दांड्याचे टोक आणि तिला दाबणारा रॉकर (डुलती भुजा) यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक फट मोजून ठरावीक मापावर आणण्याची क्रिया. तीस झडप-अंतर समायोजन असेही म्हणतात. चारचाकी सर्वभूमी वाहनांमध्ये (एटीव्ही किंवा क्वाड बाइक) हे अंतर थंड एंजिनावर सामान्यतः अंतर्ग्रहण (इनटेक) झडपेस ०.०५ ते ०.१५ मिमी. आणि निष्कास (एक्झॉस्ट) झडपेस ०.१० ते ०.२५ मिमी. या पट्ट्यात असते. काही एंजिनांत दोन्ही झडपांना एकच माप दिलेले आढळते. लिहिण्याचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी. जाड असतो, यावरून मापाचा अंदाज यावा. प्रत्यक्ष आकडा त्या त्या प्रतिरूपाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

संज्ञा : ‘टॅपेट’ हा शब्द गॅरेजमध्ये फार सैलपणे वापरला जातो. काटेकोर अर्थाने टॅपेट म्हणजे कॅमवर (फिरत्या दांड्यावरील उंचवट्यावर) टेकून वर-खाली होणारा ठोकळा. बहुसंख्य एटीव्हींच्या, सिलिंडरच्या डोक्यातच (हेड) कॅमदंड असलेल्या एंजिनांत कॅम थेट रॉकरला उचलतो, म्हणजे तेथे टॅपेट नसतोच. तरीही ‘टॅपेट वाजतोय’, ‘टॅपेट टाइट झाला’ या बोलण्यात फट, समायोजनाचा स्क्रू आणि आवाज हे तिन्ही अर्थ एकवटलेले असतात. कापड गिरण्यांत याच शब्दाचा अर्थ निराळा होता. मुंबईच्या गिरण्यांतील साध्या मागावर ताण्याच्या चौकटी वर-खाली करणाऱ्या कॅमलाच टॅपेट म्हणत, आणि ते ज्या खालच्या दांड्यावर बसवलेले असत तो मुख्य दांड्याच्या निम्म्या वेगाने फिरे. चार-धावी एंजिनातील कॅमदंडही भुजादंडाच्या (क्रँकशाफ्ट) निम्म्याच वेगाने फिरतो. हे साम्य पाहता शब्द गिरणीतून गॅरेजात आला असावा, असा तर्क करता येईल. मात्र मोटार-दुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तिकांमधून तो आला असणे अधिक संभवनीय वाटते.

उगम : झडप यंत्रानेच उघडावी-मिटावी ही कल्पना अंतर्ज्वलन एंजिनापेक्षा बरीच जुनी आहे. न्यूकोमेनच्या १७१२ च्या सुमाराच्या वाफेच्या पंपाला झडपा चालविण्यासाठी आरंभी माणूस लागे, असे परंपरेने सांगितले जाते. हंफ्री पॉटर नावाच्या मुलाने खेळायला वेळ मिळावा म्हणून झडपांच्या दांड्या दोरीने तुळईला बांधल्या आणि यंत्र आपोआप चालू लागले, ही कथा अठराव्या शतकाच्या मध्यापासून छापली जात आहे. कथा गोड आहे. तिला समकालीन आधार मात्र कमकुवत आहे. हेन्री बायटन याने सुमारे १७१८ मध्ये तुळईला टांगलेल्या दांड्यावर खुंट्या बसवून झडपांची व्यवस्था सुधारली, हे मत अधिक ग्राह्य मानावे लागते. मात्र त्यापूर्वीची यंत्रे कितपत स्वयंचलित होती याविषयी मतभेद आहेत. या ठोकणाऱ्या खुंट्यांना इंग्रजीत टॅपेट म्हणत. ‘टॅप’ म्हणजे हलके ठोकणे, या क्रियापदापासून तो शब्द बनला असावा. समायोजनाची गरजच मिटवणारा द्रवीय टॅपेट १९३० च्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरी मोटारीत आला. वजन व किंमत मर्यादित ठेवावी लागणाऱ्या एक-सिलिंडरी एटीव्हींत मात्र स्क्रू व नटच टिकून राहिले.

एटीव्हीची सुरुवात कोणापासून धरावी, हाही वादाचा विषय आहे. रॉयल एन्फिल्डची १८९० च्या दशकातील चारचाकी, कॅनडातील १९६० च्या दशकारंभीचे सहाचाकी उभयचर वाहन आणि अमेरिकेत एका विद्यार्थ्याच्या रचना-प्रकल्पातून निघालेली १९६८ ची ‘ट्रायकार्ट’ यांची नावे पुढे केली जातात. जीनसारख्या बैठकीवर दोन्हीकडे पाय टाकून, हँडलने वळवायचे आणि फुगीर, कमी दाबाच्या टायरांवर चालणारे वाहन हीच व्याख्या धरली, तर होंडाच्या ओसामु ताकेउची यांनी घडविलेल्या आणि १९७० मध्ये बाजारात आलेल्या ‘यूएस ९०’ या तीनचाकीपासून धंदेवाईक इतिहास सुरू करणे सोयीचे ठरते. तिचे ८९ घ. सेंमी.चे एंजिन चार-धावी होते. सुझुकीची चारचाकी १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. अपघातांमुळे १९८८ मध्ये अमेरिकी शासन आणि उत्पादक यांच्यात समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. दोन-धावी एंजिनांना कॅमने चालणाऱ्या झडपा नसतात, म्हणून त्या एटीव्हींना टॅपेटचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील उत्सर्जन नियम २००६ पासून लागू होऊ लागले, दोन-धावी एंजिने मागे पडली, आणि झडपांची देखभाल जवळपास प्रत्येक मालकाच्या वाट्याला आली.

अंतर का बदलते : झडप तापली की लांबते, म्हणून फट ठेवतात, असे सर्वत्र लिहिलेले असते. ते अपुरे आहे. ॲल्युमिनियमचे डोके पोलादी झडपेच्या सुमारे दुप्पट प्रमाणात प्रसरण पावते, त्यामुळे काही रचनांत एंजिन तापल्यावर फट वाढतेसुद्धा. जुन्या ओतीव लोखंडी एंजिनाच्या बुलेटमध्ये थंड असताना अंतर शून्य ठेवून पुशरॉड (खालच्या कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) बोटांनी जेमतेम फिरेल एवढेच पाहत, याचा उलगडाही नुसत्या ‘झडप लांबते’ने होत नाही. सर्वांत अधिक तापते ती निष्कास झडप, म्हणून तिचे अंतर सहसा मोठे असते.

वापराने होणारा बदल दुहेरी असतो. कॅम, रॉकरचा तळवा आणि स्क्रूचे टोक झिजले की फट वाढते; झडपेचे तोंड आणि तिची बैठक (मिटताना ती टेकते ते कडे) झिजली की झडप वर सरकून फट कमी होते. पहिल्या दोषाचा टक्-टक् आवाज येतो, म्हणून तो लवकर कळतो. दुसऱ्याचा आवाज येत नाही, उलट एंजिन अधिकच शांत वाटते. आणि घातक तोच आहे. झडपेची उष्णता मुख्यतः मिटलेल्या अवस्थेत बैठकीतून डोक्यात जाते. फट संपून झडप पूर्ण मिटेनाशी झाली की हा मार्ग तुटतो, कडेने पेटते वायू निसटतात आणि झडपेची कड जळते. थंड एंजिन सुरू व्हायला त्रास, मंद गती न टिकणे आणि संपीडन (कॉम्प्रेशन) कमी होणे ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. ‘आवाज नको’ म्हणून टॅपेट कसून घेणारे गिऱ्हाईक मेकॅनिकांना चांगलेच परिचयाचे आहे.

पद्धती : एंजिन पूर्ण थंड हवे, जपानी पुस्तिका ३५° से.पेक्षा कमी तापमान सांगतात. विदर्भात मे महिन्यात ही अट पहाटेच पाळता येईल. प्लग काढून ओढ-दोरीने किंवा पान्याने भुजादंड फिरवितात आणि चक्रावरील ‘टी’ खूण (दट्ट्या वरच्या टोकाला आल्याची) खिडकीतल्या खाचेशी जुळवितात. ही खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते, त्यांपैकी संपीडन धावेच्या शेवटचीच घ्यावयाची. दोन्ही रॉकर किंचित हलत असतील तर जागा बरोबर. घट्ट असतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. मग फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचे मापक) पट्टी फटीत सरकवून किंचित ओढ लागेल इतपत स्क्रू फिरवितात. आटे ०.५ मिमी. अंतराचे असतील तर एका फेऱ्याला अर्धा मिमी., म्हणजे ०.१ मिमी.साठी जेमतेम पाचवा हिस्सा. नट कसताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून कसल्यावर पुन्हा मोजणे आवश्यक असते. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते.

किक किंवा दोरी हलकी जावी म्हणून काही एंजिनांत संपीडन धावेत झडप किंचित उघडी धरणारी कळ कॅमदंडावर असते. अशा रचनेत नेमक्या ‘टी’ खुणेवर मोजल्यास माप फसवे येण्याचा संभव असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकी कंपनीच्या एंजिनांसाठी दट्ट्या वरच्या टोकापासून सुमारे ६ मिमी. खाली गेल्यावर मोजण्याची रीत आहे, ती यासाठीच.

शर्यतीच्या एटीव्हींत स्क्रूऐवजी झडपेवर उलटी वाटी व तिच्याखाली चकती (शिम) असते. नवी चकती = जुनी चकती + मोजलेले अंतर − हवे असलेले अंतर. जुनी चकती १.८५, मोजलेले ०.०६ व हवे ०.१२ मिमी. असल्यास उत्तर १.७९ येते, चकत्या ०.०५ च्या टप्प्याने मिळत असल्यास १.८० ची घालतात आणि अंतर ०.११ वर येते. यासाठी कॅमदंड उतरवावा लागतो, त्यामुळे तो फिरविणाऱ्या साखळीच्या खुणा एका दाताने जरी चुकल्या तरी झडप दट्ट्यावर आपटू शकते.

इतर नियमित देखभाल : एटीव्हीचे आयुष्य किलोमीटरपेक्षा तासांत मोजतात. होंडाच्या अनेक पुस्तिकांत पहिली तपासणी १५० किमी. किंवा २० तासांनी, पुढील दर १,००० किमी. किंवा १०० तासांनी सांगितली आहे. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्यास मोटारीचे घर्षण कमी करणारे ऑइल चालत नाही, क्लच घसरतो. त्यासाठी १९९८ पासूनच्या जपानी ‘जासो’ मानकातील ‘एमए’ वर्गाचे ऑइल घेतात. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून ते तत्काळ बदलावे. स्पंजाचा हवा-गाळक धुऊन, वाळवून त्याला गाळकाचे तेल लावतात. कोरडा किंवा फाटका गाळक वापरल्यास धूळ आत जाते आणि ती प्रथम झडपेची बैठकच घासते, म्हणजे टॅपेटचे अंतर बिघडण्याचे मूळ पुष्कळदा गाळकाच्या डब्यात सापडते.

भारतात या वाहनांचा वापर मर्यादित आहे. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने नागाव, काशीद यांसारख्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेऱ्या मारण्यासाठी दिसतात. तेथे कमी वेग, सतत मंद गती, बारीक वाळू आणि खारी हवा असल्याने तासांचे वेळापत्रक अपुरे पडते आणि गाळक रोज पाहावा लागतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः एटीव्ही बनवितात. भारतातील ही स्पर्धा प्रामुख्याने मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे भरत आली आहे. तिच्यासाठी अनेक वर्षे सर्व संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ घ. सेंमी.चे एकसारखे १० अश्वशक्तीचे एंजिन असे. एंजिनात फेरफार करण्यास मनाई असल्याने टॅपेट, ऑइल आणि गाळक नीट राखणे एवढेच संघाच्या हाती राही.